आजी-आजोबा उशिरा का कळतात?

चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आजी होती तेव्हा विचारून घ्यायला हवं होतं." कुणाचं तिच्या हातच्या गोळाभाताचं प्रमाण विचारायचं राहिलेलं असतं. कुणाला आबाजी कोणत्या खेड्यातून नागपुरात आले, हे आता कुणीच सांगू शकत नाही. कुणाला एवढंच ठाऊक असतं की ते एम्प्रेस मिलमध्ये होते. कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला, हे गेलं ते गेलंच. ज्यांच्या मांडीवर आपण वाढलो, त्यांची किंमत ती माणसं गेल्यावरच का कळावी?

लहानपणी अक्कल नव्हती, तरुणपणी वेळ नव्हता, असं म्हणून आपण स्वतःला दोष देतो आणि विषय मिटवतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. या उशिरात थोडं गणित आहे, बरंचसं शरीरशास्त्र आहे आणि स्मृतीचे काही नियम आहेत. ते समजून घेतले तर ज्यांचे आजी-आजोबा आज हयात आहेत, त्यांना तरी हाती असलेली वर्षं वापरता येतील.

१. आधी हिशेब

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं आणि आज ते ७० च्या घरात आहे, हे आपण शाळेपासून ऐकतो. मग प्रश्न पडतो, तेव्हा लोक तिशीतच मरत असतील तर आजी-आजोबा असायचेच कुठून?

इथे सरासरी म्हणजे काय ते नीट पाहू. समजा, एका घरात दहा मुलं जन्मली. त्यातली चार पहिल्या वर्षाच्या अखेरीस दगावली आणि उरलेली सहा साठीपर्यंत जगली. पहिल्या चौघांची मिळून वर्षं झाली ४, उरलेल्या सहांची ३६०. एकूण ३६४ भागिले दहा, म्हणजे सरासरी आयुष्य ३६ वर्षं. पण या दहांपैकी छत्तिसाव्या वर्षी एकही जण गेलेला नाही. बालमृत्यू त्या आकड्याला खाली ओढतात. देवी, पटकी, प्लेग आणि बाळंतपण यांतून जी वाचत, ती माणसं पुष्कळदा केस पिकेपर्यंत जगत. आजी-आजोबा तेव्हाही होते. फक्त प्रत्येक नातवाच्या वाट्याला ते येतीलच याची खात्री नव्हती.

आता दुसरा हिशेब, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजीचं आणि नातवाचं आयुष्य किती वर्षं एकत्र चालतं? शंभर वर्षांपूर्वीची एक बाई घ्या. अठराव्या वर्षी तिला मुलगी झाली, त्या मुलीला अठराव्या वर्षी मूल झालं. म्हणजे ही बाई ३६ व्या वर्षी आजी झाली. ती ५८ वर्षं जगली असं धरलं, तर नातवाला आजी मिळाली २२ वर्षं. आजची बाई घ्या. एकोणतिसाव्या वर्षी मूल, त्या मुलीलाही एकोणतिसाव्या वर्षी मूल. ही ५८ व्या वर्षी आजी होते. ती ८० वर्षं जगली तर नातवाला आजी मिळते २२ वर्षं.

आयुष्य इतकं वाढलं, तरी या उदाहरणात सहवास तेवढाच राहिला. प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील, पण दिशा हीच आहे. बदललं आहे ते वेगळंच. जुन्या नातवाला छत्तिशीतली, दळण-कांडण करणारी, कधीकधी स्वतःच्याच कडेवर तान्हं मूल असलेली आजी दिसायची; मामा आणि भाचा एकाच अंगणात भोवरा खेळायचे. आजच्या नातवाला आजी भेटते तीच मुळी साठीच्या उंबऱ्यावर. तिचं तरुणपण त्यानं पाहिलेलं नसतं. ते फक्त ऐकूनच मिळू शकतं, आणि ऐकायचं तर विचारावं लागतं.

त्या बावीस वर्षांतली पहिली तीन-साडेतीन वर्षं तर कुणालाच आठवत नाहीत; मेंदूची घडणच तशी आहे. पुढे शाळा, मग दहावी-बारावी. आणि नागपूरच्या मुलांचं पुढचं पाऊल बहुधा पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या गाडीत पडतं. अठराव्या वर्षी बाहेर गेलेला नातू वर्षातून दहा दिवस घरी येतो असं धरा. बावीस वर्षांतली शेवटची चार वर्षं म्हणजे मग चाळीस दिवस होतात. त्यातले निम्मे मित्रांचे, काही लग्नकार्यांचे. ज्या वयात माणसाला "आपण कुठून आलो" हा प्रश्न पडू लागतो ते वय पस्तीस-चाळीसचं. तोवर सांगणारं माणूस बहुधा उरलेलं नसतं. मन कोरडं असतं असं नाही. वेळाच जुळत नाहीत.

२. माणसाला आजी असते तरी कशासाठी?

प्रश्न विचित्र वाटेल, पण जीवशास्त्रज्ञांना तो खरोखर पडला. बहुतेक सस्तन प्राण्यांची मादी जवळजवळ शेवटपर्यंत पिल्लं देत राहते. माणसाच्या स्त्रीची पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते आणि त्यानंतर ती आणखी दोन-तीन दशकं धडधाकट जगते. माणसाखेरीज हे दिसतं ते मुख्यतः व्हेलच्या मोजक्या जातींत. उत्क्रांतीचा साधा नियम असा की ज्या गुणामुळे वंश पुढे जातो तो गुण टिकतो. मग स्वतःची मुलं होणं थांबल्यावरचं हे लांब आयुष्य टिकलं कसं?

टांझानियात हाद्झा नावाचे लोक शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी त्यांच्यात राहून कोण किती अन्न आणतं ते मोजत होते. त्यांना दिसलं की म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून कंद खणण्यात तरुणींच्या तोडीस तोड राबतात. घरात नवं बाळ आलं की आईचे हात अडकतात. अशा वेळी आधीच्या लेकराचं पोट आजीनं आणलेल्या कंदांवर भरतं. यातून पुढे आलेला विचार असा: आजीचं जगणं नातवंडांना जगवतं, आणि ती नातवंडं तिचं दीर्घायुष्य वारशानं पुढे नेतात.

याची दुसरी बाजू जुन्या कागदांत सापडली. फिनलंड आणि कॅनडातल्या चर्चमधल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदी चाळून २००४ साली संशोधकांनी दाखवलं की पन्नाशीनंतर बाई जितकी दशकं जगली, त्यातल्या दर दशकामागे तिला सरासरी दोन नातवंडं जास्त होती. हाताशी आई किंवा सासू असली की लेकी-सुनांना मुलं लवकर आणि कमी अंतरानं होत, आणि ती जास्त वाचत.

आपल्याकडे यासाठी चर्चच्या वह्या उघडायची गरज नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं या शहरातली हजारो घरं भोंग्यावर उठली आणि भोंग्यावर जेवली. आई पाळीला गेली किंवा सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळायला बसली, की मागे लेकराला कुणीतरी पाहत होतं. बहुतेक घरांत ती आजी होती. तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर चढलं नाही, तिला पगारपत्रक मिळालं नाही. पण ती होती म्हणून आईची पाळी भरली. नागपूरच्या कापडधंद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मजुरीची नोंद घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

३. ज्याला आपण हट्ट म्हणतो

घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दलच्या तक्रारी बहुतेक घरांत सारख्याच असतात. मोबाइल दिला तरी बघत नाहीत. हवं तेवढंच ऐकू येतं. उन्हाळ्यात पाणी पीत नाहीत. पहाटे चारला उठून भांडी वाजवतात. या चारही तक्रारींमागे शरीरातले ठरावीक बदल आहेत. ते एकेक करून पाहू.

डोळ्यांपासून सुरुवात करू. आपल्या डोळ्यात एक पारदर्शक भिंग असतं. जवळचं पाहायचं की ते फुगतं, लांबचं पाहायचं की सपाट होतं. हे भिंग कांद्यासारखं पापुद्र्यांचं बनलेलं असतं आणि जन्मभर त्यावर नवे पापुद्रे चढत राहतात. कांद्याची साल तरी वाळून गळते. इथले जुने पापुद्रे बाहेर टाकायला वाटच नाही. ते आत दाबले जाऊन भिंग कडक होत जातं आणि चाळिशीत त्याला पुरेसं फुगता येईनासं होतं. म्हणून आजी सुई-दोरा घेऊन नातीला हाक मारते. पुढे तीच नात त्रेचाळिसाव्या वर्षी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला हात लांब करते, तेव्हा तिला ती हाक नव्यानं ऐकू येते. आपलं वय वाढू लागलं की आजी-आजोबा अचानक समजू लागतात, त्याचं एक कारण इतकं शारीरिक आहे.

आता कान. कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. उंच पट्टीचे, म्हणजे बारीक चिरके आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरात असतात. स, श, फ, थ ही व्यंजनं उंच आणि हलकी असतात. वय वाढलं की स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. "सात" म्हटलं की "हात" वाटतं. आवाज आला हे कळतं, शब्द कळत नाही. "ऐकू येतं पण उत्तर देत नाहीत" या तक्रारीचं मूळ इथे आहे. पुरुषाचा जाड आवाज आबाजींना समजतो आणि नातीचा बारीक आवाज समजत नाही, यात लाडक्या-दोडक्याचा प्रश्न नाही. तो पट्टीचा प्रश्न आहे.

नागपुरात यात कुलरची भर पडते. एप्रिल ते जून खिडकीतला कुलर घरघरत असतो. तरुण कान त्या घरघरीतून शब्द निवडून घेतो, म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. मग आपण ओरडतो. ओरडलं की आवाजाची पट्टी चढते, म्हणजे जे ऐकू येत नाही नेमकं तेच आपण वाढवतो, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. त्यापेक्षा दोन मिनिटं कुलर बंद करावा, समोर बसावं, ओठ दिसतील असं, खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलावं. हा उपाय फुकट आहे आणि लगेच लागू पडतो.

तिसरी गोष्ट तहानेची, आणि इथे मला वाचकाला थांबवून सांगावंसं वाटतं, कारण हा जिवाशी खेळ आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीस अंश तर इथे मे महिन्यात पुष्कळदा येतात. अशा उन्हात शरीर स्वतःला दोन मार्गांनी थंड ठेवतं: घाम गाळून, आणि रक्त कातडीकडे वळवून. उतारवयात घामाच्या ग्रंथी मंदावतात, हृदयाला जास्तीचं रक्त फिरवणं जड जातं, मूत्रपिंडं पाणी पूर्वीसारखं राखून ठेवत नाहीत. शरीरात मुळातच पाण्याचा साठा कमी झालेला असतो. आणि पाणी कमी पडलं हे सांगणारी मेंदूतली तहानेची घंटाच उशिरा वाजते. आजी म्हणते, "मले तहान नाही लागली, काहून मागं लागून राहिला?" ती अगदी खरं बोलत असते. तिला तहान लागलेली नसते, पाणी मात्र कमी पडलेलं असतं.

म्हणून "पाणी देऊ का?" असं विचारू नये. पेला हातात द्यावा, दर तास-दीड तासानं द्यावा, ताक द्यावं, पन्हं द्यावं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर अर्थात त्यांचं ऐकावं. लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. आणि उन्हाळ्याच्या दुपारी म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, तोल जाऊ लागला, तर "झोप झाली नसेल" म्हणून सोडून देऊ नये. सावलीत घेऊन अंग ओलं करावं आणि थेट दवाखान्यात न्यावं.

जुन्या पिढीची उन्हाळ्याची शिस्त या शास्त्राला धरून होती. सकाळी नऊच्या आत बाहेरची कामं, दुपारी खिडक्या-दारं बंद, डोक्याला दुपट्टा, दारात ओली वाळ्याची ताटी. ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली की पाणी उडून जातं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून ताटी आणि कुलर दोन्ही चालतात. जुलैत हवेतच ओल असते, पाणी उडत नाही, म्हणून तोच कुलर नुसता वारा आणि चिकचिक देतो.

झोपेचं थोडक्यात. मेंदूतलं झोपेचं घड्याळ वयाबरोबर पुढे सरकतं. रात्री आठलाच डोळे मिटू लागतात आणि पहाटे चारला उघडतात. गाढ झोपेचा वाटाही घटतो. पंधराव्या वर्षी हेच घड्याळ उलट दिशेला सरकलेलं असतं. एकाच घरात पहाटे चारला उठणारे आबाजी आणि रात्री एकला झोपणारा नातू, दोघंही आपापल्या शरीराप्रमाणे वागत असतात.

४. सकाळचं आठवत नाही, १९५६ चं आठवतं

सकाळी गोळी घेतली की नाही हे आबाजींना आठवत नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीच्या मास्तरांच्या कोटाचा रंग आठवतो. हे कसं?

नवी आठवण साठवणं हे एक काम आहे आणि जुनी, पक्की झालेली आठवण काढणं हे दुसरं. वयाबरोबर पहिलं काम अवघड होत जातं. दुसऱ्यात मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळते. संशोधक वयस्क माणसांना नदी, भाकरी, पत्र असे साधे शब्द देतात आणि त्यावरून सुचलेली आठवण सांगायला लावतात. ती कोणत्या वयातली तेही विचारतात. साऱ्या आठवणी वयाप्रमाणे कागदावर मांडल्या की दहा ते तीस या वर्षांवर एक उंचवटा दिसतो. अगदी अलीकडचा काळ सोडला तर त्या काळातल्या आठवणी सर्वांत जास्त असतात. पहिला पगार, लग्न, पहिलं घर, पहिलं मूल, सगळं याच वीस वर्षांत घडतं. नवं घडतं ते पक्कं बसतं, आणि आपण कोण आहोत हेही याच काळात ठरतं.

आता हा नियम नागपूरला लावून पाहू. १९४० साली जन्मलेली व्यक्ती घ्या. तिचा उंचवटा १९५० ते १९७०. १९५६ मध्ये ती सोळा वर्षांची होती. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. १८६१ पासून राजधानी असलेलं नागपूर त्या दिवशी राजधानी राहिलं नाही. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि नागपूर उपराजधानी झालं. एका माणसाच्या सोळाव्या ते विसाव्या वर्षांत हे सारं बसलं आहे, म्हणजे स्मृतीच्या अगदी उंच जागी.

इंदोऱ्यातल्या एखाद्या घरात पंच्याऐंशीच्या आजींना विचारून पाहा, दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं कुठून आणलं होतं, मैदानावर कुणाचं बोट धरून गेलात, परतल्यावर घरातल्या देव्हाऱ्याचं काय केलं. धंतोलीतल्या एखाद्या निवृत्त कारकुनाला विचारा, राजधानी गेली तेव्हा कचेरीतले किती जण बिऱ्हाड उचलून भोपाळला गेले. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून उडून मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि पत्रांच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटे परत फिरत; सोनेगावच्या बाजूला राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी तो आवाज ऐकलेला आहे. पुस्तकात तारखा मिळतात. लुगडं, बिऱ्हाड आणि विमानाचा आवाज या माणसांजवळ आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आठवण ही प्रत्येक वेळी काढताना नव्यानं जुळवली जाते, त्यामुळे तारखा आणि माणसं अदलाबदल होतात. तीच गोष्ट दोन माणसांकडून ऐकावी. दुसरी गोष्ट विसरण्याबद्दल. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकात वैदर्भीय वाड्यातली थकलेली दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहते. घरोघरी असं कुणीतरी असतं, आणि "वय झालं" म्हणून आपण पुढे जातो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं असतं. पण रोजच्या बाजारातून घरी यायची वाट चुकणं, नेहमीचा चहा करता न येणं, पैशांचा साधा व्यवहार न उमगणं, ही आजाराची चिन्हं असू शकतात आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवं. काही कारणं, जसं थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ ची कमतरता, उपचारानं सुधारू शकतात.

५. हातात राहिलेली आठवण

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. फेफरी कमी झाली, पण त्यानंतर त्याला नवी कोणतीही घटना आठवेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणे, हे मी पहिल्यांदाच करतो आहे. घटनांची आठवण आणि हातांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असते, हे त्यातून उघड झालं. हाताची आठवण जास्त चिवट असते.

उन्हाळ्यात कुरोड्या करणारी आजी पाहा. गहू तीन दिवस भिजलेला असतो, पाणी रोज बदललेलं. वाटून, पिळून चीक काढून रात्रभर बसू दिला जातो. पहाटे वरचं निवळ पाणी ती तिरप्या हातानं अलगद काढते. आधण ठेवून चीक एका हातानं धारेनं ओतायचा, दुसऱ्या हातानं ढवळायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. तो चकाकू लागला की ओलं बोट टेकवायचं. चिकटला नाही तर झाला. मग गरम आहे तोवर सोऱ्यातून गच्चीवरच्या धोतरावर. मीठ किती? "अंदाजानं." पाणी किती? "लागंल तेवढं." ती माहिती लपवत नाही; तिच्याजवळ ती शब्दांत नाहीच, हातात आहे.

म्हणून आजीला प्रमाण विचारू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भांडं ठेवा, तिला नेहमीसारखी मूठभर डाळ टाकू द्या आणि आकडा लिहा. आधणाचं पाणी आधी आणि नंतर मोजा. गोळाभाताचे गोळे, पातोडीचं वाटण, सांबारवडीचं सारण, सगळं असंच उतरवता येतं. हीच गोष्ट विणकराच्या, सुताराच्या, कुंभाराच्या हाताची. बोलता बोलता त्यांना समजावून सांगता येणार नाही. काम करताना बाजूला बसावं लागतं.

६. कमी माणसं

उतारवयात माणूस आक्रसतो, कुणाकडे जात नाही, असं आपण हळहळून म्हणतो. लॉरा कार्स्टेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचा वेगळा अर्थ लावला. पुढे भरपूर काळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस ओळखी वाढवतो, नवं शिकतो, जम बसवतो. काळ थोडा आहे हे जाणवलं की तो मोजकी, जिव्हाळ्याची माणसं निवडतो. हे वयापेक्षा उरलेल्या काळाच्या जाणिवेवर अवलंबून असतं. गंभीर आजारी तरुणही असंच करतात. म्हणजे आजी आता शेजारच्या लग्नाला जात नाही, पण तुमच्या फोनची वाट पाहते, तेव्हा तिनं निवड केलेली असते आणि त्या निवडीत तुम्ही असता.

कायद्यानंही हे नातं ओळखलं आहे. २००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांप्रमाणेच सज्ञान नातू-नातीवरही येऊ शकते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती आणि संख्या वाढते आहे. पण कायदा पोटापुरतं मिळवून देईल. शेजारी बसून ऐकणं त्याच्या हातात नाही.

७. आता काय विचारायचं?

"तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं म्हटलं की आजी-आजोबा गप्प होतात किंवा "काय सांगू बाप्पा, गेलं आयुष्य" एवढ्यावर संपवतात. प्रश्न लहान आणि पकडता येईल असा हवा. वर सांगितलेला उंचवटा ध्यानात ठेवून दहा ते तीस या वयातलं विचारा. लहानपणीच्या घराला दारं किती होती, पाणी कुठून भरायचं? पहिला पगार किती आणे-रुपये, आणि कशावर खर्चला? तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कुणी घडवला होता, बोजारा म्हणून काय मिळायचं? लग्नाआधी एकमेकांना पाहिलं होतं का? घरात कोणती गोष्ट बोलायची नाही असं ठरलेलं होतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही मिळालं तर दुसऱ्यांदा विचारू नका.

वेळ सकाळची निवडा, कारण संध्याकाळपर्यंत ती माणसं थकतात. कुलर बंद करा. समोर बसा. जुनं छायाचित्र, रेशनकार्ड, मिलचा बिल्ला, तांब्याचा गडू, असं काही हातात द्या. वस्तू हातात आली की बोलणं सुरू होतं. अर्ध्या तासाच्या वर बसवू नका. त्यांना विचारून फोनवर आवाज मुद्रित करा आणि सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगा. नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कुणाचा हेही घरात कुणाला सांगता येणार नाही. मुद्रण एका फोनमध्ये ठेवू नका, भावंडांकडेही पाठवून ठेवा.

तुमचे स्वतःचे आजी-आजोबा राहिले नसतील तर आई-वडिलांचे मामा, आत्या, मोठे काका शोधा. शेजारच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांच्याकडे जा. १९५६ साली सोळा वर्षांचे असलेले नागपूरकर आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत. जे विचारायचं ते याच महिन्यात विचारा.